खटका लावलेला होता

मी तुझ्याशी भांडत होते तेव्हा तू मेलेली होतीस, हौसे.

कॉलेजाच्या टेकडीचा उतार आपण अर्धा उतरलो होतो. मी तुझ्या तीनचाकी सायकलगाडीच्या पुढच्या पेटीत रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध बसलेले, तोंड रस्त्याकडे. तू मागे सीटवर, हँडल धरून. एकाएकी कानावरचा वारा थांबला. ब्रेक लागला होता. गाडी ना डावीकडे ओढली ना उजवीकडे, जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं, पुढं म्हैस आडवी आली असेल. म्हैस नव्हती.

“का गं थांबलीस?” मी म्हटलं. “थांबलीच हायेस तर बोल आता. त्या पोरीला सांगितलं का न्हाईस, भाकरी आक्काची हाय म्हणून?”

तू बोलली नाहीस. मला आणखी चेव आला. “आता दातखीळ बसली व्हय? वर तर लई दात काढत हुतीस.”

माझी मान मागं वळत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी पेटीची कड धरून बुडावर फिरले, तेव्हा मला दिसलं. तू हँडलवर छाती टेकून पडली होतीस. उजवा हात खाली लोंबत होता. पण ब्रेकचा लिव्हर दाबलेलाच होता, आणि त्याच्या बाजूचा खटका आत बसलेला. गाडी उभी करून ठेवायची असली की ब्रेक दाबून तू जो खटका लावायचीस, तो. तो लावला की हात काढला तरी ब्रेक सुटत नाही.

मला त्या पेटीतून एकटीला उतरता येत नाही. मी तिथंच बसून ओरडत राहिले. खालून आपल्या गावच्या बबनची रिक्षा कॉलेजची पोरं घेऊन वर येत होती. त्यानं तुला उचललं, पोरांनी पाय धरले, मला कुणीतरी काखेत हात घालून बाहेर काढलं. मागं मोटारी भोंगे वाजवायला लागल्या. गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी म्हणून बबननं लिव्हर दाबला, त्यासरशी खटका सुटला, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून गाडीही सुटली. रिकामी गाडी उतारानं गेली आणि वळणावरच्या गटारात चाकं वर करून पडली. टोपल्या रस्ताभर. पोरांचं लक्ष तुझ्याकडं होतं. गाडी कशी गेली ते मी पाहिलं आणि बबनला माहीत.

डॉक्टर म्हणाला, काळीज बंद पडलं, जागेवरच. पण गावानं डॉक्टरला पाहिलं नाही, गटारातली गाडी पाहिली. दिवस मावळायच्या आत सगळ्या लवळे गावात झालं की हौसाबाईच्या गाडीचा ब्रेक फेल झाला आणि भेदरून तिचं काळीज थांबलं. त्याला शेपूट जोडलं ते असं, की म्हातारी स्वतःच पाना-पक्कड घेऊन ब्रेक खोलत बसायची, दुसरं काय होणार.

तुझ्याबद्दल वाईट ऐकायला मला नेहमीच बरं वाटत आलं आहे. हे मात्र ऐकवेना.

तू या घरात माझ्यामागून आलीस. मी थोरली जाऊ, तू धाकटी. दोघींची शाळा चौथीत सुटली. दोघींचे नवरे गेले. शेतात आता भाडेकऱ्यांच्या खोल्या उभ्या आहेत. इथपर्यंत आपलं सगळं सारखं होतं, फक्त मी तुझ्यापेक्षा एक पायरी वर होते. मग ती गाडी आली.

वऱ्हाडाकडचं एक ऑफिसवालं जोडपं आपल्या खोलीत राहायचं, त्यांची ती. पुढं मोठी लाकडी पेटी, पेटीला दोन चाकं, मागं एक चाक, सायकलीसारखे पायडल आणि जोडीला बॅटरी. पोरांना पेटीत बसवून शाळेत न्यायचे. बदली होऊन जाताना म्हणाले, इथंच ठेवून जातो, तुम्ही वापरा. आणि हे नीट ऐक, त्यांनी आधी मला विचारलं होतं. मी म्हटलं, “ह्या वयात मला माकड करताय व्हय?” मग त्यांनी तुला विचारलं. तू चपला काढून चढलीस. देवळात चढावं तशी.

तोवर मी दारातच भाकऱ्या विकायचे. टेकडीवरच्या होस्टेलातली पोरं चालत यायची, पिठलं-भाकरी बांधून न्यायची, मला आजी म्हणायची. गाडी आल्यावर तू भाकऱ्या वर न्यायला लागलीस. पोरांनी यायचं सोडलं, कशाला येतील? मग ऐकू यायला लागलं ते हौसाआजीची भाकरी. तवा माझा, चटके माझे, नाव तुझं.

पहिल्या दसऱ्याला तू गाडी धुतलीस. आपल्या घरात दसऱ्याला लोखंडाला तेल दाखवतात. विळा, कोयता, खुरपं, कुदळ, सगळ्याला खोबरेल चोळायचं, हळदीकुंकू लावायचं, वर झेंडूचं फूल. कोरडं लोखंड रुसतं, असं सासूबाई म्हणायच्या. गाडीच्या चाकांत त्या ब्रेकच्या चकत्या, ताटलीएवढ्या, भोकाभोकांच्या, अगदी कोरड्या ठणठणीत. तू चिंधी खोबरेलात बुडवलीस आणि तिन्ही चकत्या आरशासारख्या केल्यास. मी शेजारी उभी होते. मला वाटलं, हिला किती येतं. खरंच वाटलं, आणि पोटात दुखलं.

दुसऱ्या दिवशी उतारावर तू ब्रेक दाबलास, तर तेलकट चकतीला तो कुठला धरतोय. एका बांधकामापुढं वाळूचा ढीग होता म्हणून निभावलं. तू गाडी सरळ ढिगात घातलीस. घरी आलीस ती केसांत वाळू, कोपर सोललेलं, आणि हसत.

“आक्का, सोनं लुटून आले बघ.”

दुसरी कुणी असती तर रडत आली असती. मी आले असते. तुझं पडणंसुद्धा असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणही एकदा पडून बघावं.

त्यानंतर तू ब्रेक शिकलीस. हिंजवडीच्या रस्त्याला सायकली दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडं जाऊन बसायचीस. बाकीचं मोबाईलवर हिंदीत बघायचीस, भर दुपारी, मोठ्या आवाजात, माझा डोळा लागला की. तेल प्यालेलं ब्रेक पॅड वाचत नाही, ते टाकून नवं घालायचं. चकतीला बोट लावायचं नाही, बोटाचंही तेल लागतं. पुसायची तर स्पिरिटनं, आणि चिंधी कोरी. माझी खोबरेलाची बाटली तू गाडीच्या आसपास फिरकू द्यायची नाहीस. मी वेणीफणी करून ओसरीवर आले की, “आक्का, लांब हुबी ऱ्हा. तुझ्या डोक्याला तेल हाय.” स्वतःच्या घरात मी विटाळशीसारखी लांब. पुढच्या दसऱ्यापासून हळदीकुंकू फक्त पेटीला, आणि चकत्यांना पिशव्या बांधलेल्या.

मी म्हटलं, “देवाला पिशवी घालून पूजा करत्यात व्हय कुटं?”

“ह्यो देव लई सोवळ्यातला हाय,” तू म्हणालीस.

उत्तर देण्यात तुझा हात कुणी धरला नाही.

मग तुझी बोटं दुखायला लागली. ते ब्रेक तारेचे होते. भरल्या पेटीनं फिरायचं तर लिव्हर जीव खाऊन दाबावा लागायचा. तार ताणायची, पॅड झिजायचं, की पुन्हा पाना घेऊन बस. तुला तेलाचे ब्रेक हवे होते. नळीतलं तेल जोर लावतं, पॅड दोन्ही बाजूंनी सारखं येऊन चकतीला धरतं, बोटभर जोरानं गाडी थांबते. पुढच्या चकत्याही तुला मोठ्या हव्या होत्या, म्हणजे तापल्या तरी दमत नाहीत. माझा गुडघा दाखवायला न्यायला तुला सवड नव्हती. त्या ब्रेकच्या दुखण्यासाठी मात्र हिंजवडीच्या चकरा. मी सवतीवर जळावं तशी त्या चकत्यांवर जळत होते.

मिस्त्रीनं तेलाचा लिव्हर आणला, त्याला खटका नव्हता. तू परत पाठवलास. तो म्हणाला, “आजी, खटक्यावाला मिळायला वेळ लागंल. गाडी हुबी करताना चाकाखाली दगड लावा की.” मीही तेच म्हटलं. माझ्या बापानं जन्मभर बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावला, गाडी कुठं पळून गेली नाही.

“दगड लावाय खाली उतराय लागतं, आक्का.”

“मग उतर की. लई राणी लागून गेलीस?”

“तू हायेस ना दगड. तुला लावते.”

त्यावर आपण बरेच दिवस बोललो नाही. मी भाकऱ्या टोपलीत भरून ओसरीवर ठेवायचे, तू न बोलता उचलायचीस. खटक्याचा लिव्हर आला तेव्हाच तू ब्रेक बसवून घेतलेस. लिव्हर दाबला की मोटार आपोआप बंद पडायची एक वायर असते, तीही पुन्हा नीट जोडून घेतलीस. मी म्हणत राहिले, दगडानं भागलं असतं.

त्या नळीत वारा शिरला की लिव्हर लिबलिबीत लागतो. वारा काढायला बिनसुईच्या इंजेक्शनात त्याच ब्रेकचं तेल भरून खालून दाबायचं, म्हणजे वर बुडबुडे येतात. त्याला दोन माणसं लागतात. डोक्याला फडकं बांधायच्या अटीवर मला जवळ येऊ दिलंस.

“दाब. हळू. हळू गं, परात मळाय बसली न्हाईस.”

“मग तूच धर.”

“मला वर बघाय लागतंय. हां. आता ह्यो लिव्हर दाबून बघ. तुझं पीठ बराबर मळलं की बोटाला कसं लागतं? तसं लागाय पायजे. कसं लागतंय?”

मी दाबला. “पाणी जास्त झालंय.”

“म्हंजे वारा हाय अजून. दाब परत.”

शेवटी लिव्हर कसा लागला की झालं, हे मी सांगितलं. माझ्या बोटांनी सांगितलं. ते तू गावात कुणाला बोलली नाहीस. भाकरीचं तसं ब्रेकचंही.

नवे पॅड घातले की लगेच उतारावर न्यायचे नाहीत. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबून हळू करायचं, पण थांबायचं नाही, पुन्हा वेग. असं पुष्कळ वेळा केलं की पॅड चकतीवर बसतं. त्याला पेटीत वजन लागतं. म्हणून मला न्यायचीस. नदीकडच्या रस्त्यानं आपण पळायचो आणि मंद व्हायचो, पळायचो आणि मंद व्हायचो. शेताच्या बांधावरून बायका ओरडायच्या.

“आक्का, कुटं निघाली गं वरात?”

“वरात न्हाई, वजन हाय ते,” तू मागून सांगायचीस.

मी तोंड वाकडं करून बसायचे. हौसे, मला ते आवडायचं. तोंडावर वारा यायचा, भाताचा वास यायचा, आणि मला काही करायचं नसायचं. जन्मात मी एवढा वेळ हात मांडीत ठेवून कधी बसले नव्हते. हे तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते, आता तुला डोक्यावर चढता येणार नाही.

मला तुझा हेवा वाटायचा. माणूस गेलं की हेवा जातो म्हणतात. नाही जात. काल तुझी कोरी चिंधी दांडीवर वाळत दिसली तरी वाटला. आणि त्याहून राग कशाचा, तर तुला माझा कधीच वाटला नाही. माझ्याकडं थोरलेपण होतं. माझ्या भाकरीसारखी भाकरी तुझ्या हातून कधी फुगली नाही, कडेला चिरायचीच. एकदा तरी डोळे बारीक करून बघायचंस. तुला जे येत नव्हतं त्याचं तुला काही वाटायचंच नाही.

शेवटच्या दिवशी मी वर आले ती माझी भाकरी कोण खातं ते बघायला. एक चष्मेवाली पोरगी आली. म्हणाली, “हौसाआजी, तुमच्या भाकरीची सर कशालाच नाही.” मी शेजारी उभी, नखांत अजून पीठ. तू म्हणालीस, “व्हय.” एवढंच, हसून. आणि टोपल्या उचलल्यास.

त्यावरून मी उतारावर सुरुवात केली होती. त्याचं उत्तर राहिलं. मी तुझ्या जागी उत्तरं करून बघते. घाईत राहिलं गं. उद्या सांगते. तुझं-माझं काय येगळं हाय का? एकही तुझ्या तोंडचं वाटत नाही. “न्हाई सांगत, जा,” हे वाटतं.

दहाव्याला नदीवर माणूस मावत नव्हतं. होस्टेलातली पोरं आली होती, मिस्त्री दुकान बंद करून आला होता. माझ्या दहाव्याला यातली निम्मी आली तरी पुष्कळ. पिंड ठेवला, आम्ही मागं सरकलो न सरकलो तोच कावळा शिवला. तुझा दिलीप डोळे पुसून म्हणाला, “आईची काय इच्छा ऱ्हायली न्हाई, मोठीआई.” राहील कशी? सगळ्या तू जिवंतपणीच उरकून घेतल्यास.

मग रीतीप्रमाणे माईक आला. आपल्याकडं दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं झाल्याशिवाय मेलेला माणूस सुटत नाही. पांढऱ्या कपड्यातला एक उठला. हौसाबाई मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, सगळं ठरलेलं बोलला. मग म्हणाला, “पण मंडळी, यातनं बोध घ्या. वयस्कर माणसांच्या हातात असल्या गाड्या देऊ नका. ब्रेकचं काम म्हणजे चूल-फुंकणी नव्हे. त्या ब्रेकनं आज एक माऊली आपल्यातून नेली.” लोकांनी माना डोलावल्या. दिलीपनं मान खाली घातली. त्यानं भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

गप्प बसले असते तर काही बिघडत नव्हतं. हौसा हौसेनं मेली, असं गावानं म्हटलं असतं आणि मी भाकऱ्या थापत राहिले असते. पण मी त्या ब्रेकवर जळत आले होते. त्या लिव्हरवर, त्या चकत्यांवर, तुला ते येत होतं यावर. ते जर खोटं, तर मग मी एवढी वर्षं जळले ते कशावर? ते मी कुणाला फुकट खोटं ठरवू देणार नव्हते.

मी बायकांमधून उठले. “ब्रेक लागला हुता.”

“आक्का, बसा. भाषण चालू हाय.”

“चालू द्या. मी पेटीत हुते. तुमी हुता का? ब्रेक लागला, गाडी हुबी ऱ्हायली, तिनं खटका लावला, आन् मग ती गेली. काळीज बंद पडत असताना लावला. खटका नसता तर आज हितं दोन दहावे असते. गाडी गटारात गेली ती मागनं. खटका ज्यानं सोडला त्यानं सांगावं. मी नाव घ्यायची न्हाई.”

माईक शीळ घालत राहिला. पाठीमागून बबन उठला. “म्या सोडला. गाडी हुबीच हुती, आक्का म्हन्ती तशी. मला ते यंत्र ठावं न्हवतं. रस्ता मोकळा कराय गेलो, आन् सुटली.”

“रडू नगंस,” मी म्हटलं. “तू धावून तर आलास.”

पांढऱ्या कपड्यातला माणूस माईक दुसऱ्याकडं देऊन बसला.

दिलीप माझ्याजवळ आला. “मोठीआई, मला आधी का न्हाई सांगितलंस?”

“इचारलंस कुटं? भंगारवाल्याला इचारलंस.”

त्यानं ट्रॅक्टर लावून गाडी गटारातून काढली. पेटी फुटली आहे, हँडल वाकलंय. ओसरीपुढं ठेवून तो लिव्हर दाबत बसला होता, पुन्हा पुन्हा. ब्रेक धरत होता. भंगारवाला आला तसा परत गेला.

ती चष्मेवाली पोरगी घरी आली होती. म्हणाली, “आजी, आता भाकरी कोण करणार?”

“मीच. आधीबी मीच करत हुते.”

तिचं तोंड बघण्यासारखं झालं, हौसे.

आता गावाला नवं बोलायला सापडलंय. हौसाबाईनं जाता जाता थोरलीला वाचवलं. दळायला गेले तरी तेच, दवाखान्यात गेले तरी तेच. “त्याच ना तुम्ही, हौसाबाईनं वाचवलेल्या?” भाकरी तुझ्या नावावर होतीच, आता माझा जीवही तुझ्या नावावर. मी म्हणते, व्हय. दुसरं काय म्हणू? उतारावर त्या गाडीत आपण दोघी होतो. घरी मी आले.